पिंपाच्या तळाचा बर्फ

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी उणे अडतीसवर गेली आणि पिंपातलं काळं तेल थिजलं. फोमिचने पडवीतल्या पिंपात ओगराळं खुपसलं, तर ते तिथंच उभं राहिलं. दोन्ही हातांनी दांडा धरून त्याने ते उपसलं. काळा गोळा कडेवरून लोंबत सावकाश डब्यात पडला. अशी चाळीस ओगराळी काढावीत तेव्हा कुठे भट्टीची टाकी भरायची आणि अर्ध्या दिवसाची सोय व्हायची. पंधराव्या ओगराळ्याला त्याचा उजवा खांदा धरला. त्याने हात काखेत दाबला आणि पिंपाला टेकून तो उभा राहिला. नाकातले केस गोठले होते. श्वास घेताना आत काहीतरी टोचत होतं.

तालोव्का गावातलं हे वर्कशॉप एके काळी सरकारी शेतीचं होतं. तेव्हा ते कोळशाच्या बॉयलरवर गरम व्हायचं. मग शेती मोडली, बॉयलर फुटला, नळ चोरीला गेले आणि चार भिंती तेवढ्या उरल्या. फोमिचची लेक रिम्मा आणि जावई रोदिओन यांनी त्या घेतल्या. साठ कोसांत दुसरीकडे कुठे हिवाळ्यात इंजिन उघडता येत नव्हतं. इथं ते उघडता येत होतं, कारण फोमिचने जुन्या गॅसच्या टाकीची भट्टी बनवली होती. वर तेलाची टाकी, तिच्यातून तांब्याची बारीक नळी, नळीतून थेंब थेंब तेल खाली लाल झालेल्या लोखंडी थाळीवर पडायचं आणि पेटायचं. धुराडं छताबाहेर. पेटली की भट्टी जात्यासारखी घरघरायची, आणि बाहेर झाडांची खोडं थंडीने तडकत असताना आत माणसं सदऱ्यावर काम करायची.

गावात रीत अशी पडली होती की वर्कशॉपमध्ये जागा हवी असेल तर येताना जळकं तेल आणायचं. ट्रॅक्टरचं, करवतीच्या गिरणीचं, कुणाच्या मोटारीचं, कसलंही. एक डबा तेल म्हणजे एक दिवस ऊब. डब्यावर खडूने नाव आणि तारीख लिहायची. डबा तीन दिवस पडवीत तसाच ठेवायचा, म्हणजे त्यातलं पाणी खाली बसतं. मग वरचं तेल जाळीतून पिंपात ओतायचं. तेल कमी पडलं, की आणणाऱ्याच्या शब्दावर ते लगेचही ओतायचं. तरी थोडं पाणी पिंपात जायचंच. ते तळाशी उतरून गोठायचं आणि तिथं बर्फाची जाड भाकरी होऊन बसायची. म्हणून पिंप कायम पडवीतच ठेवायचं, थंडीत, आणि तेल घ्यायचं ते वरून, ओगराळ्याने. तळाच्या तोटीला हात लावायचा नाही. हा नियम फोमिचचाच होता. तेलातलं पाणी तापलेल्या थाळीवर पडलं तर काय होतं, ते त्याने तरुणपणी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पाहिलं होतं. त्याबद्दल तो फारसं बोलत नसे. नियम मात्र येईल त्याला ऐकवायचा.

त्या सोमवारी रिम्मा आणि रोदिओन दोन दिवसांसाठी जिल्ह्याच्या गावी गेले. सामान आणायचं होतं. त्यात सावेलीच्या ट्रकचं, इंजिनाच्या सांध्यात बसणारं गॅस्केटही होतं. सावेली हा गावात जळाऊ लाकूड ओढणारा माणूस. त्याच्या ट्रकचं इंजिन रेडिएटरचं पाणी पिऊ लागलं होतं. रविवारीच त्याने इंजिनावरचं झाकण, हेड, उतरवलं होतं आणि ट्रक वर्कशॉपच्या मधोमध उघड्या छातीने उभा होता. जाताना रिम्मा फोमिचला म्हणाली, की भट्टी विझू देऊ नकोस, बाकी कशात पडू नकोस. मागल्या पानगळीत तो लेथची किल्ली तिच्या फिरत्या जबड्यात, चकमध्येच, विसरला होता. लेथ चालू झाल्यावर ती उडून खिडकीतून बाहेर गेली होती. कुणाला लागलं नाही. त्या दिवशी रिम्माने शांतपणे सांगितलं होतं, "बाबा, आणखी एकदा असं काही झालं तर तू घरी बसशील. मी भांडणार नाही. फक्त दाराची किल्ली काढून घेईन."

घरी बसणं म्हणजे काय, हे फोमिचला ठाऊक होतं. बायको गेल्यावर पहिला हिवाळा त्याने तसाच काढला होता. चुलीमागच्या बाकावर बसायचं, रेडिओ ऐकायचा, दुपारी बटाटे गरम करून खायचे आणि खिडकीवरच्या बर्फाला बोटाने भोक पाडून रस्त्याकडे बघायचं. बहात्तरावं लागलं होतं. वर्कशॉप सुटलं की मागे काही उरत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी, खांदा अगदीच वर होईना तेव्हा, त्याने पिंप आत आणलं. ते एक तृतीयांशच भरलेलं होतं. काठावर तिरकं करून, फिरवत फिरवत, त्याने ते भट्टीपासून चार हातांवर आणून ठेवलं. मनाशी म्हणाला, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मंगळवारी दुपारी तोटी मोकळी झाली. त्याने खाली बादली धरली. आधी गढूळ पाणी आलं, बरंच आलं, मग काळं तेल सुरू झालं. त्याने तोटी बंद केली आणि पाणी बाहेर बर्फात फेकलं. निघालं सगळं, असं त्याला वाटलं. त्याच दिवशी सावेली तेलाचा डबा अंगणातूनच देऊन गेला. गिरणीच्या जनरेटरचं तेल होतं. फोमिचने त्यावर खडूने नाव-तारीख घातली आणि डबा पडवीत नेऊन ठेवला.

बुधवारी सकाळी त्याने तोटीखाली डबा लावला आणि तो भरून टाकीत ओतला. खांदा दुखला नाही. वाकावं लागलं नाही. ओगराळं खिळ्यालाच होतं. मग त्याने पिंप पुन्हा फिरवत फिरवत पडवीत नेऊन जागेवर ठेवलं आणि खालची ओल फडक्याने पुसून घेतली. पिंपाच्या तळाशी मधोमध बर्फाचा गाभा अजून होता आणि तो रात्रभर वितळत राहिला होता, हे त्याच्या मनात आलं नाही. दहा वर्षांपूर्वी आलं असतं.

साडेनऊला रिम्मा आणि रोदिओन परत आले. रोदिओनने हातमोजे काढले आणि भट्टीपुढे हात शेकायला उभा राहिला. भट्टीची घरघर तुटक झाली. एकदा फुरफुरली, मग आवाज बसला. विझली की काय म्हणून रोदिओन वाकला आणि त्याने झडप उघडली. फोमिच तेव्हा लेथजवळ होता. त्याने तोंड उघडलं होतं, पण शब्द निघायच्या आत थाळीवर काहीतरी फटकन फुटलं आणि झडपेतून ज्वाळेची जीभ बाहेर आली. रोदिओन मागे पडला. त्याची बाही पेटली होती. रिम्माने अंगावरचं जाड जाकीट काढून त्याच्यावर टाकलं आणि स्वतःही त्याच्यावर पडली. फोमिचने नळीची चावी बंद केली. त्याच्या हातांना एवढं मात्र बरोबर आठवलं.

रोदिओनचा डावा हात मनगटापर्यंत भाजला होता आणि डाव्या गालाची कातडी डोळ्याच्या दोन बोटं खालपर्यंत सोलली होती. गावच्या नर्सने काटेरी झुडपाच्या नारिंगी फळांचं तेल लावून पट्टी बांधली आणि म्हणाली, डोळा वाचला. महिनाभर हात चालणार नाही. रोदिओन खुर्चीवर बसून दातांतून श्वास घेत होता. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. तेलात पाणी आलं कुठून?

रिम्मा सावेलीच्या ट्रकपाशी जाऊन उभी राहिली. उघड्या इंजिनात तिने बोट फिरवलं. बोटाला कॉफीत दूध घातल्यासारखा फेस लागला. पाणी आणि तेल.

"बाबा," ती म्हणाली, "सावेलीने तेल आणलं होतं ना काल?"

"आणलं होतं."

"ओतलंस पिंपात?"

फोमिचने तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांना जळका वास येत होता. त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली. ते किती सोपं होतं, याचं त्याला नंतर नवल वाटलं.

सावेली अकरा वाजता आला. काय झालं ते ऐकून आधी तो रोदिओनकडे गेला, टोपी काढून उभा राहिला. मग रिम्माने त्याला विचारलं. तो म्हणाला, की ते तेल त्याच्या इंजिनातलं नव्हतंच, गिरणीच्या जनरेटरचं होतं. आपल्या इंजिनात पाणी आहे हे माहीत असताना तेच तेल तो कशाला आणेल? रिम्मा म्हणाली, की दोन वर्षांपूर्वीही तो असंच म्हणाला होता. तेव्हा खरंच त्याच्या डब्यात रेडिएटरचं पाणी निघालं होतं. तेव्हा ते फोमिचने वेळीच पाहिलं होतं, एवढाच काय तो फरक. सावेलीने फोमिचकडे पाहिलं.

"फोमिच, तुम्ही तरी सांगा. डबा तुम्ही हातात घेतला होतात."

फोमिच खाली पाना शोधत होता. पाना त्याच्या हातातच होता.

रिम्माने ट्रॅक्टर लावला, साखळी अडकवली आणि सावेलीचा ट्रक मागच्या बाजूने ओढून अंगणात काढला. उघड्या इंजिनावर सावेलीने घरून आणलेली गोधडी टाकली. दार बंद होताना त्याने एवढंच विचारलं, की हेड बसवायला तरी एक दिवस आत घेशील का? रिम्मा म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा डोळा गेला असता तर तू काय दिलं असतंस मला?" आणि तिने दाराला आतून आडणा लावला.

गुरुवारी थंडी आणखी उतरली. फोमिचने पडवीतून सावेलीचा डबा उचलला आणि आतल्या कोपऱ्यात पोत्यांखाली दडवला. मग ओगराळं घेतलं आणि चाळीसच्या चाळीस वेळा वरून तेल काढलं. प्रत्येक वेळी खांद्यातून कळ कोपरापर्यंत येत होती. ती त्याला हवीशी वाटत होती.

खिडकीतून अंगण दिसायचं. सावेली सकाळी आठला आला, गोधडी बाजूला केली आणि हेड बसतं ती सपाटी खरवडायला लागला. जुन्या गॅस्केटचे तुकडे चिकटलेले होते. ते पूर्ण निघाल्याशिवाय नवं बसत नाही, आणि हातमोजे घालून ते बारीक काम होत नाही. तो मोजे काढायचा, पातं धरायचा, शंभर आकडे मोजत खरवडायचा, मग बोटं तोंडात घालायचा. एकदा त्याचा तळवा लोखंडाला चिकटला. त्याने हिसका न देता त्यावर फुंकर घातली, बराच वेळ फुंकत राहिला आणि मग सोडवला. तरी कातडीचा एक पांढरा तुकडा तिथं राहिला. थंड लोखंडावर गॅस्केट बसत नाही, हे सावेलीला माहीत होतं, फोमिचलाही होतं. तरी तो खरवडत होता. दुसरं करायला काय होतं त्याच्याकडे? दुपारी दोन म्हाताऱ्या कुंपणापाशी येऊन त्याला लाकडाचं विचारून गेल्या. तो मान हलवून काहीतरी म्हणाला. त्यातली एक निघाली, पुन्हा मागे वळली आणि वर्कशॉपच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. फोमिच लेथमागे सरकला.

जेवताना रोदिओन एका हाताने खात होता. रिम्माने त्याचा पाव मोडून दिला, कोबीचं लोणचं त्याच्या बाजूला सरकवलं. रोदिओन स्वभावाने गमत्या. म्हणाला, की आता निदान भांडी घासायला कुणी सांगणार नाही. रिम्मा हसली नाही. ती म्हणाली, की सावेली दिवसभर बाहेर कशाचं नाटक करतोय, लोकांनी बघावं म्हणून करतोय. फोमिचने चमचा खाली ठेवला. पुन्हा उचलला. रोदिओन म्हणाला, "नाटक असेल तर फार थंडीत करतोय."

"तुला त्याची दया येते?"

"नाही येत. मी फक्त थंडी म्हणालो."

शुक्रवारीही तेच झालं. दुपारपर्यंत सावेलीच्या उजव्या हाताची तीन बोटं शेंड्यापासून पांढरी पडली होती. मेणाच्या बोटांसारखी दिसत होती. तो ती बर्फाने चोळत नव्हता, नुसती काखेत धरून गोल फिरत होता. तेवढ्यात त्याच्या हातून पातं पडलं. तो वाकला आणि बोटांनी उचलू लागला. पातं बोटांत येत होतं आणि सुटत होतं. चार वेळा, पाच वेळा. बोटांना ते लागतच नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून, ओंजळीने उचलावं तसं ते उचललं.

फोमिचने लेथ बंद केली. पोती बाजूला केली आणि डबा घेऊन तो मधल्या बाकापर्यंत आला. रिम्मा पंपाचं काम करत होती, रोदिओन तिला दिवा धरून होता. फोमिचने डबा बाकावर ठेवला.

"हे काय?" रिम्मा म्हणाली.

"सावेलीचं तेल."

डब्यावर खडूची अक्षरं होती. सावेली, मंगळवार. रिम्माने झाकण उघडलं. डबा काठोकाठ भरलेला होता. तिने आत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं. तेल स्वच्छ होतं, काळं आणि स्वच्छ.

मग फोमिच बोलला. पिंप आत आणलं, तोटीतून काढलं, एकदा पाणी काढलं आणि पुन्हा काढलं नाही, हे सगळं त्याने एकामागून एक सांगितलं, मशीन उघडताना भाग ओळीने मांडावेत तसं. खांद्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते निमित्त झालं असतं.

भट्टी घरघरत होती. रोदिओनने दिवा बाकावर ठेवला.

"मी तुला विचारलं होतं," रिम्मा म्हणाली. "तू मान हलवलीस."

"हलवली."

"का?"

"तू मला घरी बसवशील म्हणून."

रिम्माने हात पुसले, एकेक बोट पुसलं. रोदिओनने पट्टीच्या कडेला गालावर हात नेला आणि मध्येच खाली घेतला. म्हणाला, "माझं सोडा, बाबा. माझं भरून येईल. त्याला बाहेर अडीच दिवस झाले."

"किल्ली दे," रिम्मा म्हणाली.

फोमिचने खिशातून दाराची किल्ली काढून बाकावर ठेवली. तिने ती आपल्या खिशात घातली. मग खिळ्यावरचं ओगराळं काढून ते भट्टीच्या पलीकडे, आपल्या बाजूला अडकवलं.

"भट्टीला हात लावायचा नाहीस. आजपासून. टाकीला नाही, चावीला नाही. समजलं?"

"समजलं."

"आणि त्याला जाऊन सांग. मी सांगणार नाही. मी त्याला बाहेर काढलं, त्याबद्दल मी त्याच्याशी बोलेन. पण हे तू सांग."

तो जाकीट चढवून अंगणात गेला. सावेली मडगार्डवर वाकला होता. फोमिच त्याच्या शेजारी उभा राहिला आणि त्याच शब्दांत सगळं पुन्हा सांगितलं. थंडीत शब्दांची वाफ होत होती. ती आपल्याच तोंडासमोर येत होती म्हणून त्याला सावेलीचा चेहरा नीट दिसत नव्हता. सांगून झालं. सावेलीने पातं खिशात ठेवलं.

"मी माझ्या घरी सांगितलं होतं," तो म्हणाला, "की फोमिच बोलेल. पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायको विचारत होती, बोलला का. मी म्हणालो, उद्या बोलेल."

फोमिचने गोधडीचं टोक सरळ केलं.

"आता तिला काय सांगू, की तिसऱ्या दिवशी बोलला?" सावेली म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला ते खरंच ठरवायचं होतं असं वाटलं.

दाराचा आडणा निघाला. रिम्मा ट्रॅक्टरवर बसलेली होती. तिने ट्रक पुन्हा आत ओढला, मागच्या चाकांबरोबर बर्फाची ढेकळं आत आली आणि जमिनीवर वितळू लागली. ती सावेलीपुढे उभी राहून काही बोलली. हळू बोलली, फोमिचला ऐकू आलं नाही. सावेलीने खांदे उडवले. मग रोदिओनने एका हाताने त्याला चहाचा पेला दिला आणि म्हणाला, "आपल्या दोघांची मिळून हातांची एक चांगली जोडी होते. उजवा माझा."

"डावा माझा," सावेली म्हणाला. एवढंच. पण तो बसला.

दोन तास लोखंड तापू दिलं. सावेलीच्या बोटांत रक्त परत येऊ लागलं तेव्हा तो ओठ चावून भिंतीकडे तोंड करून बसला होता. नर्स येऊन बोटांना हंसाची चरबी लावून गेली. दोन बोटं लाल झाली, तिसऱ्याचा शेंडा काळसर राहिला. फोमिच दाराजवळच्या पेटीवर बसून होता. जा असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं, थांब असंही नाही. रिम्मा भट्टीची टाकी भरत होती, वरून, ओगराळ्याने. तिने एकदा ओगराळं उजेडात धरून निरखलं आणि मगच ओतलं. त्याला सांगावंसं वाटलं, की दांडा जरा वर धर, मनगट दुखणार नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

गॅस्केट ठेवलं गेलं. हेड चौघांनी मिळून उचललं. फोमिच आधी उठला नाही, रोदिओनने त्याला नजरेने बोलावलं तेव्हा उठला. डावा खांदा लावला. हेड खाली बसलं. आता अठरा बोल्ट उरले होते. ते आधी हाताने फिरवून लावावे लागतात. पाना लावून बसवायला गेलं आणि आटा वाकडा धरला, की इंजिनाचा ब्लॉक कायमचा जातो. बोटांनाच कळतं सरळ लागतोय की नाही.

सावेलीने पहिला बोल्ट घेतला. भोकात ठेवला, फिरवला. थांबला. काढला, पुन्हा ठेवला. तो बोल्टकडे बघत होता, आणि बघून ते कळत नाही हे त्यालाही माहीत होतं. रिम्मा पुढे झाली. तो म्हणाला, "तू नको. तुला भट्टी आहे."

मग तो मागे न वळता म्हणाला, "फोमिच, इकडे या."

फोमिच आला.

"मला या बोटांनी काही कळत नाही, डाव्याला सवय नाही. तुम्ही लावा."

फोमिचने बोल्ट घेतला. कोमट होता. भोकात टेकवून त्याने तो आधी उलटा फिरवला. आटा जागेवर येतो तेव्हा बारीकसा टक होतो, तो लागेपर्यंत फिरवला. मग सुलटा. एक वेढा, दोन वेढे, तीन.

"लागला?" सावेलीने विचारलं.

"लागला."

सावेलीने दोन तळव्यांत धरून दुसरा बोल्ट पुढे केला.

"हा घ्या."